ओव्हरहॉल केलेला प्रॉप गव्हर्नर: हिवाळा-उन्हाळा काढल्यानंतर

आमचं पायपर ॲरो हे छोटं विमान चौघांत मिळून आहे, टेक्सासमध्ये. २०० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन. क्रूझला, म्हणजे वर सरळ उडताना, २४०० आरपीएम (मिनिटाला फेरे) लावले की सुई सारखी वरखाली व्हायची, म्हणून ओव्हरहॉल केलेला गव्हर्नर, म्हणजे पात्यांचा कोन बदलून प्रॉपेलरचे फेरे स्थिर ठेवणारा भाग, बसवून घेतला. बिलाचा आकडा लिहीत नाही, घरी वाचतात.

काम झकास करतो. उतरताना नाक खाली घातलं, वेग वाढला, तरी सुई २४००वर चिकटलेली. प्रॉप जास्त फिरू पाहतो तेव्हा आतली वजनं बाहेर फाकतात, स्प्रिंगचा विरोध मोडून ऑइलची वाट उघडणारा पायलट व्हॉल्व्ह उचलतात, आणि गव्हर्नरच्या पंपाने दाब वाढवलेलं इंजिनचंच ऑइल हबमध्ये, पाती जिथे जोडलेली त्या मधल्या भागात, शिरतं. पाती मोठा कोन घेतात, भार येतो, आरपीएम जागेवर. कॉकपिटमधला प्रॉपचा निळा लिव्हर ओढतो तेव्हा आपण फक्त त्या स्प्रिंगचा ताण कमी करत असतो. थंडीत मात्र रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन-तपासणीत) पहिल्या ओढीला ढिम्म. गरम ऑइल हबपर्यंत पोचलं की सुधारतो.

टेकऑफला २६४०च दिसायचे. रेड लाइन, म्हणजे कमाल मर्यादा, २७००. पैसे मोजून ६० आरपीएम कमी, म्हणून मी धुसफुसत होतो. वर्कशॉपवाला म्हणे, आणा, गव्हर्नरचा कमाल आरपीएम ठरवणारा स्टॉप स्क्रू फिरवून देतो, लेबर वेगळं. त्याआधी भागीदाराचा ऑप्टिकल टॅकोमीटर (प्रकाशाने फेरे मोजणारा) लावून पाहिलं तर पुरे २७००! डॅशवरचा जुना केबलवाला टॅकोच कमी दाखवत होता. स्क्रू फिरवला असता तर रेड लाइन ओलांडून उडत बसलो असतो. तेव्हा गव्हर्नरला पूर्ण मार्क.

पण गव्हर्नर आणि इंजिनमधलं गॅस्केट! दर उड्डाणानंतर काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) आत ऑइलची रेघ. 'थोडं गळतंच हो,' हे वर्कशॉपवाल्याचं उत्तर. अहो, या इंजिनवर ऑइलचा दाब गेला की पाती बारीक कोनावर येतात आणि आरपीएम चढतात, रेघ नुसती पुसून कसं चालेल? शेवटी उघडलं. गॅस्केटच्या जाळीचा फुगवटा गव्हर्नरकडे हवा, तो उलटा. शिवाय चारपैकी आतला नट, जिथे सरळ पाना पोचतच नाही, तो ढिला. दुरुस्त केलं आणि त्याचंही लेबर लावलं. स्वतःचं काम निस्तरायचे पैसे माझ्याकडून!

रेघ बंद झाली आहे. गव्हर्नरला साडेचार स्टार, बसवणाऱ्याला एक. दुसरं बिल मी अजून भरलेलं नाही.