डोन्ट की डू नॉट? इंग्रजी मेल लिहिणाऱ्यांसाठी

इंग्रजी मेल लिहायला बसलं की बोटं एका जागी हमखास थबकतात. 'डू नॉट' लिहावं की 'डोन्ट'? 'इट इज' की 'इट्स'? व्याकरणाला दोन्ही चालतात, म्हणून तर ठरत नाही. बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या एका कारखान्यात मी परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार बघतो. संध्याकाळी दांडिया बाजारातली ओळखीची मुलं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जायचे कागद तपासायला घेऊन घरी येतात. त्यामुळे दोन्ही तऱ्हेचं इंग्रजी रोज नजरेखालून जातं, आणि माझं माझ्यापुरतं ठरलेलं आहे.

पूर्ण रूपांची बाजू आधी मांडतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा कल तिकडेच असतो. शाळेत अर्ज लिहायला शिकलो तो पूर्ण रूपांतच. करारनामा, टेंडर, कोर्टाचा कागद, संशोधनाचा प्रबंध, इथे आजही तीच शोभतात आणि तिथे माझा काही वाद नाही. परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, लेखी भागात, किमान 250 शब्दांचा निबंध असतो, तोही पूर्ण रूपांतच लिहावा. पण त्याच परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकारात किमान 150 शब्दांचं पत्र असतं आणि ते कधी कधी मित्राला लिहायचं असतं. तिथे मुलं 'आय अ‍ॅम सॉरी दॅट आय कुड नॉट कम' असं लिहून आणतात. चूक काहीच नाही, पण ते पत्र मित्राला कमी आणि मुख्याध्यापकांना जास्त वाटतं.

आखूड रूपांना नाकं मुरडणारे इंग्रजीतही जुनेच आहेत. 1710 साली जोनाथन स्विफ्ट या लेखकाने शब्द असे छाटून लिहिण्याबद्दल जाहीर तक्रार केली होती. इंग्रजी मात्र आपल्या वाटेने चालत राहिली.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यासाठी तराजू झुकला ती सांगतो. पूर्ण रूपातला 'नॉट' रागावल्यासारखा वाटतो. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे ते साध्या बोलण्यात सहसा आखूड रूपच वापरतात, आणि 'नॉट' सुटा करून म्हणतात तो मुख्यतः जोर द्यायचा असतो तेव्हा. साहजिकच आपण सवयीने सुटा लिहिलेला 'नॉट' त्यांच्या कानात जोर देऊनच वाजतो. आमच्याकडून एकदा मेल गेला होता: 'यू हॅव नॉट सेंट द ड्रॉइंग. वी कॅनॉट स्टार्ट.' लिहिणारा सहकारी इतका मवाळ, की चहा गार आला तरी तसाच पिईल. त्याच्या मनात राग औषधालाही नव्हता. पण पलीकडच्या बाईंचा फोन आला तो थेट मालकांकडे: तुमची माणसं आमच्यावर नाराज आहेत का? तेच 'यू हॅवन्ट सेंट द ड्रॉइंग यट, सो वी कान्ट स्टार्ट' असं गेलं असतं, तर ती नुसती आठवण ठरली असती. मजकूर तोच, मागणी तीच.

वर 'प्लीज' लावून हे निभावतं असं पुष्कळांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. 'प्लीज डू नॉट डिले' हे दारावर लावलेल्या पाटीसारखं दिसतं, आणि 'काइंडली' जोडलं की आणखी ताठ होतं. प्रश्नात तर फारच जाणवतं. 'व्हाय डिड यू नॉट कॉल?' ही उलटतपासणी झाली. 'व्हाय डिडन्ट यू कॉल?' ही विचारपूसही असू शकते. तुमचे ग्राहक जर्मनी-जपानचे असतील, म्हणजे त्यांचीही इंग्रजी शिकलेलीच असेल, तर हा फरक कदाचित इतका खुपणार नाही. आमचे बरेचसे इंग्लंड-अमेरिकेचे आहेत.

तरीही एका बाबतीत पूर्ण रूपाचा मान राखायलाच हवा. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळासाठी लिहिणाऱ्यांना जी शैली घालून दिली आहे, तिने 'यूल' (म्हणजे 'यू विल') सारखी आखूड रूपं मोकळेपणाने वापरायला सांगितली, पण 'कान्ट', 'डोन्ट' ही नकारार्थी रूपं टाळायला सांगितली. कारण पुष्कळ वाचकांना ती वाचायला जड जातात किंवा ते त्यांचा नेमका उलटा अर्थ घेतात. हे मला शंभर टक्के पटतं. घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यातून शेवटचा टी सहज निसटतो. फोनवर अमेरिकन माणूस बोलत असेल तर त्याचा 'कॅन' आणि 'कॅन्ट' वेगळा ओळखणं आपल्याला मुश्कील होतं, तेव्हा मी सरळ 'सो दॅट्स अ नो?' असं विचारून घेतो. म्हणून जिथे नकार चुकला तर पैसे जातील किंवा कोणाला इजा होईल, तिथे 'डू नॉट' पूर्ण, आणि शक्य तर ठळक. आमच्या खोक्यांवर 'डू नॉट टिल्ट' असंच छापलेलं असतं. त्या जागी रागावल्यासारखं वाटलं तर उत्तमच.

बाकी बारीकसारीक अडचणी आखूड रूपांकडेच जास्त आहेत, हे मान्य. 'इट्स' आणि मालकी दाखवणारा बिनचिन्हाचा 'इट्स' यांचा घोळ सर्वांना माहीत आहे. वाक्याच्या शेवटी होकारार्थी आखूड रूप चालत नाही: 'येस, आय अ‍ॅम' हेच बरोबर, तिथे 'आयम' लिहून थांबता येत नाही. 'शुडव', 'कुडव' बोलायला छान, लिहायला टाळावीत. आणि वर्डमधून उचललेला वाकडा अपॉस्ट्रॉफी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की 'डोन्ट'च्या मधोमध टोपीवाला ए, युरोचं चिन्ह आणि ट्रेडमार्कचा टीएम उगवतो. कीबोर्डवरचा साधा, सरळ अपॉस्ट्रॉफी टाकला तर तो त्रास होत नाही.

एवढं सगळं धरूनही रोजच्या मेलसाठी मी आखूड रूपांच्याच बाजूचा. समोरच्याची अजून ओळख नसेल तर पहिला मेल पूर्ण रूपात गेला तरी हरकत नाही. त्याचं उत्तर 'वी वुड'ऐवजी 'वीड लव्ह टू' अशा वळणाचं आलं की आपणही मोकळं व्हावं. परवाच एका मुलाने परदेशी प्रवेशासाठीच्या एसओपीबद्दल, म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'बद्दल, विचारलं, "काका, एसओपीत 'आयव' चालेल का?" एसओपीत नको, ती पूर्ण रूपातच ठेव, असं त्याला सांगितलं. पण ती ज्या मेलला जोडशील त्या मेलात 'आयव अटॅच्ड माय स्टेटमेंट' असंच लिही, वाचणारं माणूसच असतं तिकडे.