जुनी लाकडी चौकट काढून स्लायडिंग बसवताय? आमची कशी फसवणूक झाली ते वाचा

डोंबिवलीत आमची बिल्डिंग १९८६ ची, तिसरा मजला, बेडरूमच्या दोन्ही खिडक्या पश्चिमेला म्हणजे पावसाचा मारा थेट. लाकडी चौकटी खालून कुजलेल्या, एकीला वाळवी पण लागलेली, म्हणून एप्रिलमध्ये त्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवायच्या ठरवल्या. जवळच्याच एका फॅब्रिकेटरला काम दिलं. नाव लिहीत नाही, पण त्याने काय काय केलं ते सगळं लिहिते, कारण जुन्या बिल्डिंगींमध्ये हल्ली घरोघरी हेच काम चाललंय.

तो आला, टेप काढली आणि जुनी चौकट जागेवर असतानाच तिच्या आतून माप घेतलं, ४४ बाय ४४ इंच, आणि त्याच मापाच्या खिडक्या बनवून आणल्या. आता लाकडी चौकट स्वतः अडीच इंच जाड, ती होलफाससकट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) उपटली की बरोबर गिलावा आणि विटांचे तुकडेही निघतात, त्यामुळे भिंतीतलं भोक झालं ५० बाय ५०. म्हणजे चारी बाजूंना तीन-तीन इंच मोकळं! अशा वेळी एकतर खिडकी मोठी बनवायची नाहीतर गवंडी लावून विटांनी भोक कमी करून घ्यायचं, तिसरा रस्ताच नाही. त्याने तिसराच काढला.

त्याच आठवड्यात आम्हाला लग्नाला रत्नागिरीला जायचं होतं, चार दिवस. "ताई तुम्ही बिनधास्त जा, आल्यावर बघाल तर घर ओळखू येणार नाही" असं म्हणाला, मी किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली आणि ८० टक्के पैसे देऊन टाकले. परत आलो तर खरंच छान दिसत होतं सगळं, पुट्टी मारून पांढरंशुभ्र, कडेने सिलिकॉनची रेघ. व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो पण फक्त काम संपल्यावरचे. उरलेले पैसे देऊन टाकले, पावती मिळाली साध्या कागदावर.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला आणि रात्री खालच्या कोपऱ्यातून पाणी आत यायला लागलं, ते सरळ सासऱ्यांच्या पलंगावर. दोन दिवसांत भिंतीला पोपडे. त्याला फोन केला तर म्हणे बिल्डिंग जुनी आहे, बाहेरच्या भिंतीला तडे असतील, सोसायटीला सांगा. आम्ही ते खरं मानलं आणि पंधरा दिवस सेक्रेटरींच्या मागे लागलो, त्यांचा बिचाऱ्यांचा काही संबंध नव्हता. शेवटी नणंदेच्या ओळखीचे एक वयस्कर गवंडी आले, त्यांनी हातोडीच्या दांड्याने कडेला ठोकून पाहिलं, ढप ढप आवाज. मग त्यांनी खिडकीच्या फ्रेमला दोन बोटांनी दाबलं तर फ्रेम हलली! माझ्या पोटात गोळाच आला, कारण बरोबर त्याच खिडकीखाली संध्याकाळी सोसायटीची मुलं सायकल चालवतात.

थोडं फोडल्यावर आतून निघालं थर्माकोल, टीव्हीच्या खोक्यात येतो तसलं, त्याला प्लायच्या पट्ट्यांचा आधार आणि वरून पीओपी. फ्रेमचे स्क्रू भिंतीत नव्हतेच, त्या प्लायमध्ये होते. पीओपी पाण्याने भिजून चिखलासारखं झालेलं. खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला भोकं पाडतात ती पण पाडलेली नव्हती.

आणि पैसे? जुनं बिल काढून बघितलं तर ते लावलेलं ५० बाय ५० ने, म्हणजे १७.३६ स्क्वेअर फूट, खिडकी मात्र १३.४४ ची. स्क्वेअर फुटाला ६५० रुपयांच्या रेटने एका खिडकीमागे अडीच हजार, दोन्ही मिळून पाच हजारांच्या वर जास्तीचे, जो माल दिलाच नाही त्याचे. म्हणजे भोक मोठं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, खिडकीला त्याने छोटं माप घेतलं आणि बिलाला मोठं. याला चूक कसं म्हणायचं?

त्या गवंडीकाकांनी एक खिडकी नीट करून दिली. खिडकी पूर्ण उतरवली, विटा आणि सिमेंट-वाळूने भोक कमी केलं, जुन्या-नव्या सांध्यावर जाळी मारून गिलावा, सात दिवस पाणी मारलं, ते सगळं वाळेपर्यंत भोकाला बाहेरून ताडपत्री. मग खाली बाहेरच्या बाजूला उतार देऊन ग्रॅनाइट, आणि फ्रेम अँकर फास्टनरने (भिंतीत फुगून घट्ट बसणारे बोल्ट) थेट भिंतीत. आता फट बोटभरसुद्धा नाही, जेमतेम सात-आठ मिलिमीटर, त्यात न्यूट्रल सिलिकॉन भरलं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्तातलं सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही, आमच्याकडे आधी तेच लावलेलं, वास येत होता पण मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

तुम्ही काम देणार असाल तर चौकट काढल्यावरच फायनल माप घ्यायला लावा, तुमच्यासमोर, आणि भोकाचं माप वेगळं, खिडकीचं वेगळं असं कोटेशनवर लिहून घ्या. गिलावा मारायच्या आधी कडेची फट उघडी असताना स्वतः बघा, फोटो काढून ठेवा, फ्रेम दाबून बघा. कृपा करून घर बंद करून जाऊ नका, आणि पक्कं बिल मागाच, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीये पण आमच्या हातात तो साधा कागदच आहे.

दुसरी खिडकी पावसाची उघडीप मिळाली की उतरवायचीय. तोपर्यंत सासरे हॉलमध्ये झोपतात, आणि खाली वॉचमनदादांनी दोरी बांधून मुलांना तिकडे जायला बंदी केलीये.