लेकीला इतिहासाच्या कार्यशाळेत घातलं, त्याचा जूनपासूनचा अनुभव

मुलगी तिसरीत आहे. जूनपासून महिन्यातला एक रविवार ती पुण्यातल्या एका इतिहास-कार्यशाळेला जाते. दोन तास, पहिली ते चौथीची मुलं एकत्र, फी 450 रुपये, माती-कागद-शाई त्यांची. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. असा वर्ग निवडताना काय बघावं, एवढंच सांगते.

सगळ्यात रंगलं ते उत्खननाचं सत्र. शिरूरजवळ इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केलं, तिथे तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती सापडली, हे ताईंनी पाच मिनिटांत सांगून टाकलं आणि मुलांना थेट जुन्या फिशटँकपाशी बसवलं. तळाला वाळू, मध्ये मुरूम, वर काळी माती. प्रत्येक थरात खापरांचे तुकडे. काही दिसलं की उपटायचं नाही. आधी ब्रशने भोवतालची माती झाडायची, पट्टीने खोली मोजायची, चिठ्ठीवर थर लिहायचा, मग हात लावायचा. आमच्या कार्टीला घरी पेन्सिलीचं टोपण जागेवर ठेवायला जमत नाही, ती तिथे पट्टी धरून बसली होती! तेवढ्यात अगदी तळाच्या वाळूत शर्टाचं बटण निघालं. "ताई, तेव्हा बटणं होती?" ताईंनी उत्तर दिलं नाही, काचेवर टॉर्च धरला. मुरुमातून खाली वाळूपर्यंत काळ्या मातीचा एक पट्टा उतरला होता. दोन मिनिटांनी एक पोरगा ओरडला, "उंदराचं बीळ!" बटण वरूनच घरंगळलेलं. ताईंनी ते मुद्दाम पेरलं होतं, हे मला नंतर कळलं.

शिवराईचं सत्रही छान झालं. 1674 च्या राज्याभिषेकानंतरचं हे तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. मुलांनी साबणाच्या वडीवर अक्षरं कोरून मातीच्या चकतीवर ठसा मारला. ठसा उलटा उमटला. सर आधी सांगू शकले असते, पण गप्प राहिले. दुसऱ्या वडीवर सगळ्यांनी अक्षरं उलटी कोरली, 'श्री'ने बऱ्याच जणांचा घाम काढला.

मोडीचं मात्र अर्धवट राहिलं. आधी पानभर आडवी रेघ मारून मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, ही गंमत मुलांना आवडली, पण बोरू आणि दौत दोघांत एक. पहिलीतली पिल्लं शाईने माखून रडकुंडीला आली, चौथीतली कंटाळली. एवढा वयाचा फरक एका सतरंजीवर बसवू नये. दोन गट करा, असं मी सांगून पाहिलं, "बघू" म्हणाले.

आणि तो वेशभूषेचा रविवार! पुठ्ठ्याच्या तलवारी, तयार फेटे, एकेकाचा फोटो, पालकांच्या ग्रुपवर धडाधड अपलोड. दोन तासांतला बराच वेळ रांगेत गेला. यात इतिहास कुठे होता, ते मला अजून कळलेलं नाही. शाळेच्या गॅदरिंगला हेच फुकटात होतं. शिवाय वर्ग मराठीतून आणि घरी दिलेली वर्कशीट इंग्रजीतून, हा कुणाचा हट्ट कोण जाणे.

परीक्षेत मार्क वाढतील म्हणून घालणार असाल तर राहू द्या, सनावळ्या तिथे पाठ करून घेत नाहीत. फरक वेगळाच पडलाय. गणपतीत गावी गेलो तेव्हा आजेसासूबाई म्हणाल्या, "हा वाडा पेशव्यांच्या वेळचा." लेकीने लगेच विचारलं, "पणजी, कशावरून?" म्हातारीने आधी डोळे वटारले, मग माळ्यावरची कागदपत्रांची पत्र्याची पेटी काढायला लावली. कागद मोडीत. कुणाला वाचता येईनात.

पुढच्या टर्मलाही नाव घातलंय. वेशभूषेचा रविवार परत आला तर आम्ही दांडी मारून केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे बघायला जाणार.