एका चकतीवर शेकडो संमिश्रे: को-स्पटरिंग, मास्क की इंकजेट?

नवा पदार्थ शोधताना एकेक नमुना न बनवता एकाच चकतीवर घटकांची शेकडो वेगवेगळी प्रमाणे, म्हणजे संमिश्रे, बनवता येतात; त्याचे हे तीन मार्ग. दोन-तीन धातूंचा मिश्रधातू शोधत असाल तर फार घोळ न घालता को-स्पटरिंग (निर्वातात आयनांच्या माऱ्याने अनेक धातूंचे अणू एकाच वेळी उडवून चकतीवर बसवणे) घ्या. तीन गन (प्रत्येक एकेक धातू उडवणारी) चकतीकडे तिरक्या रोखायच्या, चकती स्थिर ठेवायची. प्रत्येक गनच्या बाजूला तिच्या धातूचे प्रमाण चढते आणि एकाच फेरीत १०० मिमी वेफरभर (म्हणजे या चकतीभर) सलग बदलणारी प्रमाणे मिळतात. चकती फिरवणारी मोटर बंद आहे ना, हे आधी पाहा; ती चालू राहिली तर हा उतारच पुसला जातो. अणू बसतानाच मिसळतात, हा मोठा फायदा. संशोधक जोसेफ हानक यांनी १९७० मध्ये हाच मार्ग दाखवला होता. मात्र जवळजवळ शुद्ध धातूची प्रमाणे मिळत नाहीत, कारण बाकीच्या गनचा माल थोडा का होईना, सगळीकडे पोचतोच. लोह, कोबाल्टचे टार्गेट (गनमधली, अणू सोडणारी धातूची तबकडी) जाड असेल तर गनच्या चुंबकांचे क्षेत्र त्यातच मुरते आणि प्लाझ्मा (मारा करणारा विद्युतभारित वायू) पेटत नाही. १-२ मिमी जाडीचे वापरा.

वेगवेगळे, सुटे नमुने हवे असतील तर मास्क, म्हणजे चकतीचा ठरावीक भागच उघडा ठेवून बाकीचा झाकणारा पडदा; प्रत्येक घटकाचा थर उघड्या भागावरच बसतो. १९९५ मध्ये शियांग, शुल्ट्झ या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी १२८ नमुन्यांची तांबे-ऑक्साइड लायब्ररी (एकाच चकतीवरचा नमुनासंच) अशीच केली. चौपदरी मास्क (एका वेळी पाव भागच उघडा ठेवणारा) ९० अंशांनी फिरवत गेल्यास ५ मास्क आणि २० टप्प्यांत १०२४ संमिश्रे होतात. खरी परीक्षा भट्टीत असते. थर एकावर एक असतात. थेट ८०० अंशांवर नेले तर ते मिसळण्याआधीच सीमेवर दोन घटकांची संयुगे जमतात आणि मग हटत नाहीत. म्हणून आधी ४०० अंशांच्या आसपास, गरज पडल्यास काही दिवस, मुरवा. शिसे, बिस्मथ उडून शेजारच्या नमुन्यात शिरतात, तेही धरून चाला.

चार-पाच घटक, फॉस्फर (प्रकाश देणारे पदार्थ) किंवा उत्प्रेरक असतील तर इंकजेट, म्हणजे घटकांच्या शाईचे थेंब प्रिंटरसारखे चकतीवर टाकणे. निर्वात पंप लागत नाही. मात्र शाईतले कण नोझलच्या व्यासाच्या पन्नासाव्या भागाहून लहान हवेत. थेंब वाळताना माल कडेला सरकतो, एक क्षार आधी स्फटिकतो आणि एकाच ठिपक्यात दोन प्रमाणे तयार होतात. सावकाश उडणारे इथिलीन ग्लायकॉल मिसळल्याने हे बरेच आवरते. बेरियम आणि सल्फेटच्या शाया एकत्र आल्या की साका ठरलेलाच.

यंत्र घेण्याआधी मोजमापाचा हिशेब करा. १०० मिमी वेफरवर ५ मिमीची जाळी म्हणजे सुमारे ३०० बिंदू. प्रत्येकाच्या एक्स-रे विवर्तनाला (स्फटिकरचना ओळखण्याच्या तपासणीला) १० मिनिटे धरली तर ५० तास. निवडलेला नमुना पूड दाबून, गोळी भाजून पुन्हा बनवा. पातळ थरात दिसलेली रचना कधी कधी केवळ खालच्या चकतीच्या आधाराने टिकलेली असते.