सहलीसाठी कार्डाचे पॉइंट की बँकेतली आरडी?

दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरहून हंपीला जायचं ठरलं, की आमच्याकडे पहिला प्रश्न पैशांचाच. क्रेडिट कार्डाचे पॉइंट वापरायचे की दरमहा आरडी (बँकेत दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची आवर्ती ठेव) भरायची? मी दोन्ही करून पाहिलंय.

समजा किराणा, पेट्रोल, लाईटबिल मिळून महिन्याला २०,००० रुपये कार्डावर गेले आणि त्यातले १ टक्का पॉइंटांच्या रूपात परत मिळाले. वर्षाचे झाले २,४००. चौघांच्या रेल्वे तिकिटांना हातभार लागतो, नाही असं नाही. पण एक महिना बिल थकलं की संपलं! महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर २०,०००वर ७०० रुपये, वर १८ टक्के जीएसटीचे १२६. चार महिन्यांची कमाई एका फटक्यात गेली. बिलावरची नुसती 'किमान रक्कम' भरली तरी व्याज चुकत नाही. मी एकदा तसंच केलं होतं. ते स्टेटमेंट बायकोने कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय, अजून आहे.

आरडीत महिन्याला २,००० टाकले की वर्षाला २४,००० आणि वर व्याज. पगार झाल्या दिवशीच कापून घ्या, हातात राहिले तर राहत नाहीत.

म्हणून माझं मत आरडीलाच. पॉइंट म्हणजे वरचं तोंडीलावणं. आणि धाकटी पाच वर्षांची झाली असेल पण बारा वर्षांच्या आत असेल तर वेगळा बर्थ मागू नका, अर्धं तिकीट लागतं.