अॅम्बेसेडरला कार्बोरेटर: एसयू, डीजीव्ही की डीसीओई?

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, कॅम बदलला, एक्झॉस्ट मोकळा केला, तरी गाडी उठत नाही. मग लोक मिळेल तो सर्वांत मोठा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, शोधायला निघतात. पर्याय तीन: एसयू, आणि वेबर कंपनीचे डीजीव्ही व डीसीओई. आधी हिशेब करा. 1489 सीसीचं इंजिन 5000 आरपीएमला, 80 टक्के भरतंय असं धरलं, तर मिनिटाला जेमतेम 3000 लिटर हवा ओढतं. गरजेपेक्षा मोठा घसा, म्हणजे हवेची वाट, दिला की हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे बारीक थेंब होत नाहीत आणि पाय दाबला की गाडी गुदमरते.

डीसीओई 40 मी स्वतः भोगलाय. मित्राकडून आणून बसवला, आतला चोक, म्हणजे घसा अरुंद करणारी नळी, 36 मिलिमीटरचा. इंदूरच्या खंडवा रोडवर मोकळ्या रस्त्याला झकास, पण राजवाड्याच्या गर्दीत दर दहा फुटांवर खोकायचा. 30 चा चोक घातल्यावर तो त्रास गेला. प्लग मात्र सारखे होईनात, जोडीतला एक काळा, शेजारचा कोरडा. दोष कार्बोरेटरचा नव्हता. या बी-सीरीज (अॅम्बेसेडरच्या इंजिनाची जात) हेडला इनलेट पोर्ट, म्हणजे हवा आत घेणारी तोंडं, दोनच: पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला मिळून एक, तिसऱ्या-चौथ्याला मिळून एक. डीसीओईची खरी मजा दर सिलिंडरला वेगळा घसा देण्यात आहे, ती इथं मिळतच नाही. रेसिंगचाच नाद असेल तर घ्या.

वेबर 32/36 डीजीव्ही रोजच्या गाडीला बरा. आधी 32 चा घसा उघडतो, पाय खोल गेला की 36 चा, त्यामुळे पलासियाच्या सिग्नलला तो शहाण्यासारखा वागतो. जेट बदलणंही सोपं. पण तो वरून खाली ओढणारा, म्हणजे वेगळा मॅनिफोल्ड करून घ्यावा लागतो. बॉनेट बंद होतंय का, हे आधी मोजा. नकली डीजीव्ही बराच फिरतो. स्पिंडल, म्हणजे घशातली झडप फिरवणारा दांडा, ढिला नाही ना ते हलवून बघा.

माझं मत एसयूला. याच 1489 सीसी इंजिनावर एमजीए 1500 या स्पोर्ट्स कारला 1955 पासून दीड इंची दोन एसयू होते. म्हणजे वाट कारखान्यानंच दाखवून ठेवलीय. एसयूत पिस्टन हवेच्या ओढीनं वर जातो, सुई जेटमधून तेवढीच उठते आणि हवेचा वेग जवळपास तोच राहतो. कॅम सौम्य असेल तर एकच एसयू पुरे. दोन लावले तर दोघांची ओढ जुळवत बसावं लागतं. जुना घेताना वरच्या भांड्यातलं तेल काढून पिस्टन उचलून सोडा. ‘टण्ण’ वाजून खाली बसला पाहिजे. अडखळला तर परत द्या. सुई घासून बारीक करणाऱ्या उस्तादाला हात लावू देऊ नका, घासलेली सुई पुन्हा जाड होत नाही.

इलेक्ट्रिक पंप लावणार असाल तर प्रेशर तीन पीएसआयच्या आसपास ठेवा, नाहीतर फ्लोटची (पेट्रोल अडवणारी) सुई सुटून पेट्रोल वाहतं. इथेनॉलच्या पेट्रोलनं मिक्सचर थोडं पातळ होतं आणि जुनी रबरं फुगतात. ती आधी बदला. मेच्या उन्हासाठी कार्बोरेटरखाली जाड बेकेलाइटचा स्पेसर टाका.

सेटिंग गॅरेजात संपत नाही. खंडवा रोडवरचा भेरूघाट तिसऱ्या गिअरमध्ये चढवा, वर सुरक्षित जागी कडेला घेऊन तिथंच इंजिन बंद करा, गार झाल्यावर प्लग काढा. बिस्किटाच्या रंगाचा निघाला तर एसयूची सुई तीच राहू द्या.