भाचीने डोक्यावर घेतलेलं पुस्तक, मला ठीकठाकच वाटलं

कॅरन मॅकमॅनसचं 'वन ऑफ अस इज लाईंग' (2017) भाचीने जबरदस्तीने हातात दिलं, मामा वाचच म्हणाली, मग सातारा-पुणे एसटीत काढलं आणि खंबाटकीत ट्रॅफिक लागलं तेव्हा निम्मं झालं पण.

सुरुवात एक नंबर. पाच पोरं शाळेत डिटेन्शनला (शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावर बसवून ठेवतात ते), कारण बॅगेत मोबाईल सापडले, आणि ते मोबाईल त्यांचे नाहीतच! त्यातला सायमन, जो सगळ्यांची लफडी ॲपवर टाकायचा, तो पाणी पितो आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीने जातो. (आमच्याकडे तर हा पोरगा पहिल्याच जेवणात गेला असता, कूट नाही अशी भाजी कुठल्या घरात होते?) उरलेल्या चौघांची गुपितं तो दुसऱ्या दिवशी फोडणार होता, म्हणून संशय चौघांवर.

पण नंतर गाडी अडकते राव. चौघं आळीपाळीने गोष्ट सांगतात पण ब्रॉनविन बोलतीये का ॲडी हे मला सारखं वर नाव बघून कळायचं, आवाज सगळ्यांचा एकच. मधे प्रेमप्रकरण सुरू झालं की तपास राहतो बाजूला, पोलीस तर नुसते नावाला. खरा प्रकार काय असणार याचा अंदाज मला बराच आधी आला, भाची म्हणते तू उगाच फुशारकी मारतोस, असेल बाबा.

ॲडीचं मात्र आवडलं, बॉयफ्रेंडच्या मुठीतून ती जशी हळूहळू सुटते ते.

पाचपैकी तीन. दुसरा भाग पण घरात आहे, बघू.